तलावाच्या छपराची प्रत्यक्ष पाहणी

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून पडलेलं नाव. तेहेतिसाव्या वर्षीही ते बदलावं असं तिनं काही केलं नव्हतं. ती माहितीपट करायची. कॅमेरा स्वतः धरायची, आवाज स्वतः टिपायची आणि मग महिनाभर खोलीचं दार लावून स्वतःच कापाकापी करायची. दहा वर्षं दुसऱ्या शहरात काढून ती गेल्याच वर्षी परत आली होती आणि भावाकडे राहत होती. घरात भाऊ, वहिनी आणि वडील. वडील नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात तेहेतीस वर्षं इंजिनिअर होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती.

या वेळी तिनं हाती घेतलेलं काम दोन तरुण आर्किटेक्टांवरचं होतं. दोघंही सत्तावीस-अठ्ठावीसचे. मुलीला कॉलेजपासून फूटपट्टी म्हणायचे, कारण ती उंच होती, सडपातळ होती आणि तिचं बोलणंही सरळ रेषेत जायचं, मध्ये कुणी आलं तरी वळायचं नाही. तिचा जोडीदार बोका. घाऱ्या डोळ्यांचा, अंगानं गुबगुबीत, पण कुठल्याही भिंतीवर बघता बघता चढून जाणारा. नोकरी सांभाळून हे दोघं शहरातल्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या इमारती मोजत फिरायचे. टेलिफोनचं ऑफिस, बस डेपो, कामगारांचं वाचनालय. नक्षी नाही, कमान नाही, नुसतं उघडं काँक्रीट. या इमारती ना धड जुन्या ना धड नव्या, त्यामुळे कुणी त्यांच्याकडे मान वर करून बघत नसे. दोघांनी मोजलेल्यांपैकी दोन एव्हाना पाडूनही झाल्या होत्या.

"राजवाडा पाडायचा म्हटलं तर माणसं रस्त्यावर उतरतात," फूटपट्टी पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यासमोर म्हणाली. "ही असली इमारत पाडायची म्हटलं की लोक एवढंच विचारतात, मग तिथं पार्किंग होणार का?"

आत्ताची इमारत म्हणजे सार्वजनिक पोहण्याचा तलाव. नऊ वर्षं बंद. फाटकावर पत्र्याची पाटी होती, 'इमारत धोकादायक'. आत शिरलं की मोठा दालनभर रिकामा हौद, तळाशी वाळकी पानं, निळ्या फरश्या, आणि वर ते छप्पर. काँक्रीटच्या पाच लाटा एकीला एक लागून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेल्या, मध्ये एकही खांब नाही. कडेला उभं राहून बघितलं तर छपराची जाडी दिसायची. चार बोटं. बत्तीस मीटर लांब आणि चार बोटं जाड. भिंगरीनं कॅमेरा वर केला आणि तिला उगाचच खाली वाकावंसं वाटलं. बाहेर उघड्यावर उडी मारण्याचा मनोरा होता. एकाच तिरप्या खांबातून तीन फळ्या निघालेल्या, पुढे झुकून कुणाची तरी वाट बघत असल्यासारख्या.

हे सगळं कुणी आखलं ते कुणालाच माहीत नव्हतं. कोनशिलेवर उद्घाटन करणाऱ्याचं नाव होतं, हुद्द्यासकट. आराखडा करणाऱ्याचा पत्ता नाही. नगरपालिकेच्या दप्तरखान्यात नकाशेही नव्हते. पाडायचं की नाही हे ठरवायला एकोणीस दिवसांनी समितीची बैठक होती, आणि आत जाऊन मोजमाप घ्यायची परवानगी चौदा दिवसांची, दहा ते पाच. तेवढ्यात सगळी इमारत कागदावर आणायची, नकाशे समितीपुढे ठेवायचे आणि म्हणायचं, बघा, तुम्ही काय पाडताय ते आधी बघा.

किल्ल्या पंपमामांकडे होत्या. बावीस वर्षं त्यांनी तलावाचा पंप चालवला होता. तलाव बंद झाल्यावर त्यांनाच तिथं पहारेकरी म्हणून बसवलं. आता राखायचं काय, तर कोरडा हौद. तरी रोज सकाळी ते पंपघर झाडायचे.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबे उघडले तेव्हा बोक्याला चेव आला. फाटकावरच्या पाटीकडे बघून तो म्हणाला, "ही पाटी लिहिणारा साहेब कसा असेल, दाखवू?" त्यानं पोट पुढं काढलं, एक हात पाठीमागे घेतला, ढेंगा टाकत हौदाच्या काठानं फेरी मारली, छपराकडे अर्धवट डोळ्यानं बघितलं, खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं आणि हवेत शिक्का मारला. "धो-का-दा-यक! चला, चहा सांगा."

फूटपट्टीला ठसका लागला. पंपमामाही तोंड फिरवून हसले. भिंगरी इतकी हसली की त्या तीस सेकंदांत कॅमेरा सारखा हललेला आहे.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर तिनं तीच नक्कल घरी करून दाखवली. भाऊ हसला. वहिनी वाढता वाढता थांबल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, "अहो पण, तो तलाव बाबांनीच नाही का बंद केला?"

भिंगरीचा हात हवेतच राहिला.

"तू तेव्हा इथं नव्हतीस," भाऊ म्हणाला. "बाबांचं शेवटचं वर्ष होतं नोकरीचं. पेपरात पण आलं होतं."

 बाबांनी पानातलं संपवलं, उठून हात धुतले, आणि बेसिनपाशी तिच्याकडे पाठ करून म्हणाले, "पोट एवढं नव्हतं माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगून टाकायचं असं ठरवून ती निघाली. पण फाटकाशी पोचते तो बोका शिडी ओढत होता, फूटपट्टी फीत धरायला माणूस नाही म्हणून चिडली होती. विषय निघाला नाही. दुपारी निघाला, पण तो फूटपट्टीनंच काढला. "एक माणूस," ती कॅमेऱ्याला सांगत होती, "एका पानावर दोन ओळी खरडतो आणि सगळ्या शहराचा तलाव बंद होतो. त्याला छप्पर कळलंसुद्धा नसणार. अशा माणसांना ना विचारलं पाहिजे, बाबा रे, तुला झोप कशी लागते?"

भिंगरीनं तोंडाला कुलूप लावलं आणि फोकस नीट केला. चित्र छान येत होतं. फूटपट्टीच्या तोंडावर हौदाच्या बाजूनं उजेड पडला होता आणि डोळे रागानं चमकत होते. असं कुणी बोलायला लागलं की कॅमेरा बंद करायचा नाही, एवढं ती दहा वर्षांत शिकली होती. आज त्या शिकण्याची तिला लाज वाटली, पण बोट बटणावर गेलं नाही.

मग रोजचंच झालं. सकाळी ठरवायचं, संध्याकाळी तसंच परतायचं. घरी बाबा समोर आले की ती पाणी प्यायला उठायची. बाबांनीही तिला विचारणं सोडलं होतं, काम कुठवर आलं म्हणून. खोलीत ती इकडून तिकडे फेऱ्या मारायची, बॅटऱ्या चार्ज झालेल्या असूनही परत लावायची. वहिनी एकदा म्हणाल्या, "अगं, जमीन झिजेल." बसमध्ये जागा मिळाली तरी ती उभी राहायची.

कामावर मात्र मजेच्या गोष्टी घडत होत्या. बोका पाचव्या दिवशी छपरावर चढला. वर जायला पंपघराच्या मागून लोखंडी शिडी होती, भिंतीत रोवलेल्या सळ्यांची. तो वरून ओरडला, "इथं जंगल आहे जंगल!" दोन लाटांच्या मधल्या पन्हाळीत माती साचून गवत उगवलं होतं आणि एका ठिकाणी चक्क माणसाच्या उंचीचं झाड. पाणी वाहून जायची भोकं बुजलेली. "पण लाटा ठणठणीत आहेत," खाली उतरल्यावर तो म्हणाला. "केसाएवढ्या दोन-चार रेषा, बस. धोका कुठला आलाय?"

दहाव्या दिवशी फूटपट्टी उशिरा आली. नगरपालिकेत अर्ज टाकून ठेवला होता, त्याचं उत्तर मिळालं होतं. तिच्या हातात तलाव बंद करताना लिहिलेल्या अहवालाची झेरॉक्स होती. ती भिंगरीसमोर येऊन उभी राहिली.

"कॅमेरा बंद कर, ताई."

भिंगरीनं बंद केला. खाली सही होती आणि सहीखाली टाइप केलेलं आडनाव. भिंगरीचंच.

"कोण हे?"

"बाबा."

"कधीपासून माहीत होतं?"

"तिसऱ्या दिवशी रात्री कळलं. बोक्यानं नक्कल केली, त्या दिवशी."

बोक्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "म्हणजे त्यानंतर रोज मी त्यांना गाढव म्हणत होतो आणि तू ते शूट करत होतीस?"

"हो."

"का?"

याचं उत्तर तिच्यापाशी होतं, पण ते तोंडानं सांगण्यासारखं नव्हतं. तुम्ही चिडलात की चांगले दिसता, असं कुणाला सांगायचं? ती म्हणाली, "चुकलं माझं."

फूटपट्टीनं ते ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं. तिचा राग दुसरीकडेच होता. तिनं कागदावर बोट ठेवलं. "हे वाच. 'छपराच्या वरच्या पृष्ठभागाची प्रत्यक्ष पाहणी केली असता सर्वत्र तडे आढळून आले.' सर्वत्र. बोका पाच दिवस वर फिरतोय. सर्वत्र असं वर काही नाहीच. तुझे बाबा वर चढले होते का?"

पंपमामा दाराशी उभे होते. त्यांना हे बोलायचं नव्हतं हे दिसत होतं. ते किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात करत राहिले. मग म्हणाले, "शिडीचं दार माझ्या पंपघरातनं आहे. त्या महिन्यात किल्ली कुणी मागितली नाही. मी कधी कुणाला बोललो नाही हे. साहेब माणूस चांगला होता."

त्या दिवशी काम झालं नाही. बोका आणि फूटपट्टी एका कोपऱ्यात हळू आवाजात बोलत बसले. भिंगरीनं सामान भरलं आणि ती चालत निघाली. बसच्या चार थांब्यांचं अंतर ती चालली, रस्त्यात दोनदा परत फिरली, दोनदा पुन्हा घराकडे वळली.

बाबा आतल्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. ते काम त्यांचंच असायचं. शर्टाच्या बाह्या ते अशा मोजून दुमडायचे की वहिनी त्यांना इस्त्रीवाले बाबा म्हणायच्या. ती दारातच उभी राहिली.

"बाबा, तुम्ही छपरावर चढला होतात?"

त्यांनी हातातली घडी पुरी केली. ढिगावर ठेवली. पुढचा कपडा उचलला नाही.

"नाही," ते म्हणाले.

ती बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा घरात बूड टेकलं असेल.

"शनिवार होता," बाबा म्हणाले. "हौदाच्या उथळ टोकाला लहान मुलांचा वर्ग चालला होता. बत्तीस मुलं. छपराचा एक तुकडा पडला. काँक्रीटचा, माझ्या पंजाएवढा. एका मुलीच्या खांद्यापासून वीतभर. मला फोन आला, मी अर्ध्या तासात तिथं. मुलगी रडत पण नव्हती गं. टॉवेल गुंडाळून नुसती बसली होती, तो तुकडा मांडीवर घेऊन. मी वर बघितलं. चार बोटं जाड. नकाशे नाहीत, हिशेब नाही. मी तेहेतीस वर्षं शाळा बांधल्या, गटारं बांधली, टाक्या बांधल्या. खांब, तुळई, स्लॅब, हे मला कळतं. ते छप्पर मला कळायचंच नाही. माझ्या गणितानं ते पडायला हवं होतं, आणि ते उभं होतं, पंचेचाळीस वर्षं."

"मग वर जाऊन बघायचं ना."

"शिडीपर्यंत गेलो. पंपघराच्या दारापर्यंत. वाटलं, माझ्या वजनानं जाईल. मी जाईन, आणि खाली माणसं आहेत." ते थांबले. "ते सुद्धा खरं नाही. खाली तेव्हा कुणी नव्हतं, मीच सगळ्यांना बाहेर काढलं होतं. भीती वाटली, एवढंच. परत आलो आणि लिहून टाकलं. प्रत्यक्ष पाहणी केली, असं लिहायची पद्धतच असते. हात आपोआप लिहितो."

"तेव्हा नाही, तर नंतर?"

"नंतर कशाला? तलाव बंद, मुलं घरी. कुणाला इजा नाही. मला बरंच वाटत होतं." त्यांनी पुढचा शर्ट उचलला, बाह्या सरळ केल्या, पुन्हा खाली ठेवला. "पाडायचं निघालं तेव्हापासून बरं वाटत नाही."

मग ते म्हणाले, "ती शिडी आहे अजून?"

भावाला हे मुळीच पटलं नाही. संध्याकाळी त्यानं आवाज चढवला. "निवृत्त झालात ना? कुणी विचारलंय तुम्हाला? चौकशी लागली तर? लोक म्हणतील, खोटा अहवाल दिला. आणि हिच्या सिनेमासाठी!" शेवटचं वाक्य भिंगरीला लागलं, कारण ते अगदीच चूक नव्हतं. वहिनींनी नवऱ्याला एवढंच म्हटलं, "त्यांना जाऊ द्या. नऊ वर्षं हा माणूस त्या रस्त्यानं जायचं टाळतोय. मला वाटायचं तिथला खड्डा टाळतात."

अकराव्या दिवशी दहा वाजता बाबा फाटकाशी हजर झाले. पायात कापडी बूट, हातात एक छोटी हातोडी आणि खडूची पेटी. बोक्याला कुठं तोंड लपवू असं झालं होतं. फूटपट्टीनं नमस्कार केला, पण ओठ घट्ट मिटलेले. मग तिनं वहीतला एक कोरा कागद काढला आणि काकांना छप्पर समजावून सांगायला लागली. कागद सपाट धरला तर वाकतो, लाटेसारखा वळवला तर—

"पोरी, कागद राहू दे," बाबा म्हणाले. "मी इंजिनिअर आहे. वळवलं की ताकद येते हे मला माहीत आहे. किती येते ते माहीत नव्हतं. चल, शिडी दाखव."

शिडीला एकवीस सळ्या होत्या. बाबा अकराव्या सळीवर थांबले. खाली बोका, वर फूटपट्टी, आणि पंपघराच्या छतावर कॅमेरा घेऊन भिंगरी. पूर्ण दोन मिनिटं ते हलले नाहीत. सळीभोवती आवळलेली त्यांची बोटं तिला लेन्समधून दिसत होती. तिनं हाक मारली नाही; मारली असती तर त्यांनी खाली बघितलं असतं.

बोका खालून म्हणाला, "काका, मी इथंच आहे. पाय ठेवायला माझा खांदा घ्या. भरपूर रुंद आहे."

"नक्कल चांगली करतोस म्हणे," बाबा वरूनच म्हणाले.

"काका, जीभ झडेल माझी आता."

"झडू दे. खांदा ठेव." आणि त्यांनी बाराव्या सळीला हात घातला.

वर पोचल्यावर पहिली दहा मिनिटं ते रांगतच होते. मग गुडघ्यावर बसले. मग हातोडी काढून लाटेच्या पाठीवर एक टोला हलकाच मारला, कान खाली नेला. ठण्ण. अर्धा हात पुढे सरकले. ठण्ण. पन्हाळीजवळ आले तेव्हा आवाज बदलला, मातीच्या मडक्यावर मारल्यासारखा भद्द. तिथं त्यांनी खडूनं गोल काढला. "इथं आतून सुटलंय. पाणी साचलं, सळी गंजली, फुगली, तिनं काँक्रीट ढकललं. त्या दिवशी पडला तो तुकडा असलाच असणार." असं त्यांनी सगळं छप्पर ठोकून काढलं, अर्ध्या अर्ध्या हातावर, पाचही लाटा. त्याला दोन दिवस लागले. फूटपट्टी मागोमाग गुडघ्यावर सरकत प्रत्येक गोल आपल्या नकाशावर उतरवत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्यांना विचारायला लागली, आवाजात फरक कसा ओळखायचा. बाबा म्हणाले, "डोळे मीट." तिनं मिटले. तिला तीनदा चुकला, चौथ्यांदा बरोबर आला, आणि ती लहान मुलीसारखी हसली. भिंगरीनं तिला तसं हसताना तेव्हा पहिल्यांदाच बघितलं.

एकूण गोल एक्केचाळीस. त्यातले अडतीस पन्हाळीच्या दोन्ही कडांना, हातभराच्या पट्ट्यात. बाकी छप्पर ठणठणीत.

"भोकं मोकळी ठेवली असती तर हे झालंच नसतं," बाबा खाली उतरल्यावर पंपमामांना म्हणाले.

"मी तीनदा लिहून दिलं होतं खात्याला," पंपमामा म्हणाले. "वर माणूस पाठवा म्हणून."

"कुणाकडे?"

"तुमच्याच खात्यात, साहेब," म्हणून पंपमामा शिडीचं दार लावायला वळले.

या दोन दिवसांची किंमत मोजावी लागली. ते दोन दिवस मनोऱ्यासाठी ठेवलेले होते. उरलेल्या दोन दिवसांत बाबांचं निवेदन लिहायचं, टाइप करायचं, छपराचा नकाशा पुरा करायचा, यातच चौदाव्या दिवसाचे चार वाजले. शेवटचा एक तास फूटपट्टी आणि बोका धावत मनोऱ्याकडे गेले. खालचा खांब मोजून झाला, पहिली फळी झाली. पाच वाजता पंपमामांनी नाइलाजानं फाटक लावलं. जाता जाता फूटपट्टी सारखी मागे वळून बघत होती. "परत परवानगी काढू," बोका म्हणाला. "एकदा समिती होऊ दे."

समितीची बैठक तिसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत झाली. नऊ सभासद, अध्यक्ष एक बाई, चष्मा कपाळावर. भिंगरीला कॅमेरा आत नेऊ दिला नाही. ती मागच्या खुर्चीवर बसली. हातात धरायला काही नसल्यानं तिला आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. फूटपट्टीनं नकाशे मांडले. एका सभासदानं विचारलं, "हे सगळं ठीक, पण या इमारतीत सुंदर काय आहे?" फूटपट्टी म्हणाली, "एकदा आत जाऊन वर बघा." तो म्हणाला, "धोकादायक आहे ना!" खोलीत हशा पिकला.

मग बाबा उठले. त्यांनी निवेदन वाचलं. आवाज आधी बारीक होता, नंतर नीट आला. वाचून झाल्यावर अध्यक्षबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"म्हणजे तुमचा अहवाल खोटा होता?"

"धोका खरा होता, बाई. पाहणी खोटी होती."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय. नऊ वर्षांनी."

"हो."

पुढे त्यांनी काहीच जोडलं नाही. ना मुलीची गोष्ट, ना शनिवार. भिंगरीला वाटलं उठून आपणच सांगावं. पण ते त्यांनी मुद्दामच वगळलं होतं, हे तिला त्यांच्या ताठ पाठीवरून कळलं.

छप्पर पाडायचं सहा महिने थांबवा आणि बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या, असं ठरलं. सहाला तीन मतांनी. बाहेर व्हरांड्यात बोक्यानं फूटपट्टीला उचलून गोल फिरवलं. बाबा जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले, म्हणाले, "मला जरा पाणी दे."

नऊ दिवसांनी सकाळी पंपमामांचा फोन आला. भिंगरी पोचली तेव्हा फूटपट्टी आधीच तिथं होती, फाटकाबाहेर जमिनीवर बसलेली. आत यंत्र चाललं होतं. समितीचा ठराव 'दालन व छप्पर' एवढ्यापुरताच होता. मनोरा पाडायचं काम वेगळ्या कागदावर, कधीचंच मंजूर झालेलं. वरच्या दोन फळ्या खाली आल्या होत्या. फूटपट्टी यंत्रवाल्याशी भांडली नाही. त्याच्यापाशी कागद होता आणि तो बिचारा आपलं काम करत होता.

"दोन दिवस मिळाले असते तर," ती म्हणाली. ते दोन दिवस कुठं गेले ते दोघींनाही माहीत होतं. भिंगरीनं कॅमेरा काढला नाही. ती शेजारी जाऊन बसली, आणि यंत्र बंद होईपर्यंत बसून राहिली.

पुढे नकाशांचा संच छापला तेव्हा मनोऱ्याच्या पानांवर खांब आहे, पहिली फळी आहे, आणि वरचा भाग कोरा. भिंगरीच्या चित्रणावरून अंदाजानं काढता आला असता. बोका तयारही होता. फूटपट्टी म्हणाली, "मोजलं नाही ते काढायचं नाही." खाली तारीख घातली आणि 'मोजमाप अपूर्ण' असं लिहिलं.

तज्ज्ञांच्या तपासणीत बाबांच्या खडूच्या गोलांपेक्षा चार गोल जास्त निघाले. छप्पर दुरुस्त होण्यासारखं आहे, असा निर्वाळा आला. दुरुस्ती कधी, ते कुणी सांगत नाही; तलाव अजून बंदच आहे. पाटी मात्र बदलली, 'परवानगीशिवाय प्रवेश नाही'. बाबांना खात्याकडून खुलासा मागणारं पत्र आलं. त्यांनी दोन पानी उत्तर पाठवलं आणि त्यावर अजून काही आलेलं नाही. भाऊ पोस्टमन दिसला की अस्वस्थ होतो. महिन्यातून एकदा बाबा पंपमामांबरोबर वर जातात आणि पन्हाळीची भोकं साफ करून येतात. परवानगी कुणी दिली, हे दोघंही सांगत नाहीत.

माहितीपट अठ्ठेचाळीस मिनिटांचा झाला. बोक्याची नक्कल ठेवायची का, हे भिंगरीनं बाबांना विचारलं. ते म्हणाले, "ठेव. लोक हसले की पुढचं ऐकतील." पण पहिलं संपादन बघून फूटपट्टी म्हणाली, "तू कुठं आहेस यात?"

"मी कॅमेऱ्यामागे."

"तू एक आठवडा गप्प होतीस. ते यात नाही. काकांनी त्यांचं सांगितलं, मामांनी सांगितलं. मी मनोरा सोडला ते पण आहे. तुझंच तेवढं नाही."

मग भिंगरीनं स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करायला घेतला. पहिल्या वेळी तिला वाटलं आपण सबबी सांगतोय. दुसऱ्या वेळी रडू आलं, ते तिनं पुसून टाकलं, तेही सबबीसारखंच वाटत होतं. तिसऱ्या वेळी वहिनींनी दार उघडून विचारलं, कुणाशी बोलतेस. चौथ्या वेळी ती उभी राहून बोलली. एकोणीस सेकंद. तिसऱ्या दिवशी मला कळलं होतं, मी सांगितलं नाही, कारण चिडलेली माणसं पडद्यावर चांगली दिसतात. एवढंच.

कॉलेजच्या हॉलमध्ये तो दाखवला तेव्हा चाळीसेक माणसं होती. बाबा शेवटच्या रांगेत बसले होते. ते एकोणीस सेकंद आले तेव्हा भिंगरी हॉलबाहेर जाऊन उभी राहिली, आणि संपल्यावर परत आत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोक्याचा फोन. "ताई, टेलिफोनच्या ऑफिसची तावदानं काढायला लागलेत. आत्ता. फूटपट्टी पोचलीय, मी वाटेत आहे."

"मला वीस मिनिटं लागतील," ती म्हणाली, आणि फोन कानाला तसाच ठेवून जिना उतरायला लागली.